सूर्यभानचा शेरा

आगटी धगधगली, पहिली कणसं भाजून निघाली, तरी मेजर सूर्यभान तायडेला बापाशी बोलायला तोंड फुटेना.

सदुसष्ट सालचा जानेवारी. मूर्तिजापूरच्या शिवेला त्यांचा ज्वारीचा तुकडा होता. थोड्याच वेळात वस्तीतली माणसं हुर्ड्याला येणार होती. बोलावणं बापानं, देवरावांनीच फिरवलं होतं, "पोरगा कर्नल होऊन राहिला," असं दारोदारी सांगून. महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला हा म्हातारा. फौजेत तो नायकाच्या, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि नायक म्हणूनच घरी आला. मुलाच्या खांद्यावरचा एकेक टप्पा त्याला तोंडपाठ होता.

"बाबा," सूर्यभान अखेर म्हणाला, "मले कर्नली भेटत नाही. बढतीच्या बोर्डानं नाव गाळलं. आता रिटायर होईन तं मेजर म्हनूनच."

कणसं चोळणारे देवरावांचे हात थांबले.

"काहून? काही चुकलं का तुह्यं?"

सूर्यभाननं काडीनं निखारे सारखे केले.

"दोन वर्सांमांगं पावसाळ्यात आमच्या कर्नलसाहेबानं पुरातून गाड्या काढाचा हुकूम देला. माह्या हाताखाली एक पोट्टा होता, लेफ्टनंट. पानी उतरू द्या म्हने. साहेबानं आयकलं नाही. एक गाडी वाहून गेली. मानसं वाचली, हे नशीब."

"मंग?"

"वर्स सरलं का आमच्यात हाताखालच्याच्या कामाचे शेरे लिवतेत. त्या पोट्ट्याचा शेरा म्या लिवाचा, आन् माहा शेरा साहेबानं. साहेबानं मले बलावलं. म्हने, गाडी त्या पोट्ट्याच्या हट्टानं बुडाली, असं लिव."

"आन् तू?"

"थो थांबा म्हनत होता, हेच लिवलं."

साहेब त्यावर एक शब्दही बोलले नव्हते. उलट चहा पाजून त्यांनी सूर्यभानला निरोप दिला होता. पुढं सूर्यभानचा स्वतःचा शेरा सहीला समोर आला, तेव्हा त्यात एकही वाईट शब्द नव्हता. फक्त दरवर्षीचं 'उत्कृष्ट' जाऊन तिथं 'समाधानकारक' आलं होतं. बोर्डाला तेवढं पुरलं. सूर्यभाननं सही केली आणि त्या रात्री तो शांत झोपलाही. धास्ती होती ती या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची.

देवरावांनी आगटीत एक काटकी सारली.

"मले हवालदार करनार होते," ते म्हणाले. "वर्दी शिवाले टाकाची तेवढी बाकी होती. मंग साहेबानं कुठं काय लिवलं, कोन जाने. नाव मांगं पडलं थे पडलंच. आजवर मले समजलं नाही, माह्यं काय चुकलं थे."

हे सूर्यभाननं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा ब्रह्मदेशातल्या चिखलाच्या, जळवांच्या गोष्टी सांगे. ही त्यानं पोटातच ठेवली होती.

"त्या पोट्ट्याचं काय झालं?" देवरावांनी विचारलं.

"कॅप्टन झाला."

"कुठचा हाये थो?"

"लय दूरचा. आसामकडचा."

"म्हंजे आपल्या नात्यागोत्यातला नाही?"

"नाही, बाबा."

"आन् तू काय लिवलं, थे त्याले समजलं?"

"समजलं. एक दिवस ऑफिसात आला, सलाम ठोकला आन् उभाच राहिला."

देवरावांनी मान डोलावली. मग गालातल्या गालात हसले आणि पुन्हा कणसं चोळू लागले.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून माणसं येताना दिसली. पुढं खुशालराव होते, देवरावांचे जुने शेजारी. त्यांनी लांबूनच हात जोडले.

"जय भीम, कर्नलसाहेब!"

सूर्यभानचे कान तापले. आता सांगून टाकावं म्हणून तो उठू लागला, पण देवरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"जय भीम, खुशालराव. या, बसा सारे. कर्नल नका म्हनू पन. आमचा सूर्यभान मेजरच राहिला."

येणारे जागीच थबकले.

"पन त्यानं एक कप्तान केला," देवराव म्हणाले.

"कोन कप्तान?" खुशालरावांनी गोंधळून विचारलं.

"बसा तं खरं. सांगतो."

सगळे आगटीभोवती बसले. देवरावांनी ऐसपैस मांडी घातली, घसा खाकरला आणि जणू त्या पुराच्या काठावर आपण स्वतः उभे होतो, अशा थाटात सांगायला सुरुवात केली.