निरोगी नमुना

स्क्रीनवरचा ग्राफ डॉ. यामिनीने दोनदा पाहिला. पांढरी पेशी वाढत जाते तसे तिच्या अंगावरचे अँटिजेन, म्हणजे तिच्या ओळखखुणा, बदलतात. निरोगी रक्तात बहुतेक वाढ पुरी झालेल्या पेशीच सापडतात; स्क्रीनवर ठिपक्यांचा एक घट्ट पुंजका दिसतो. इथे अर्धवट वाढलेल्या पेशींची लांबच लांब रांग लागली होती. मायलॉइड ल्युकेमियात, रक्ताच्या कॅन्सरात, लागते तशी.

पण ही नळी पेशंटची नव्हती. तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, निरोगी माणसाचं रक्त लागतं, म्हणून आज लॅबमधल्या अनुजाने आपलं दिलं होतं.

"अनुजा, नळ्या बदलल्यात बहुतेक. पेशंटचा ग्राफ छान आलाय आणि कंट्रोलचा बिघडलाय."

"लेबलं मीच लावली, मॅडम. त्या बाई सहा महिने गोळ्या घेतायत. त्यांचा छानच येणार." अनुजा खुर्चीमागून वाकली. आठ वर्षं ती हेच ग्राफ बघत होती. तिच्यापासून काही लपवता येणार नव्हतं. "ही माझी रक्त आहे."

बागबाजारात, बंगाली शेजारात वाढलेल्या अनुजाचं मराठी असंच चुकायचं आणि यामिनी ते हसून सुधारायची. आज ती एवढंच म्हणाली, "हात पुढे कर. पुन्हा घेऊ."

ताज्या रक्तात रंग घालून अर्धा तास थांबावं लागलं. खाली एस्प्लनेडच्या चौकात बसचे हॉर्न वाजत होते.

"तू घरी जा. मी मशीनवर लावते हे."

"आई विचारेल, लवकर का आलीस. काय सांगू?"

ती स्टुलावरून उठली नाही.

रांग पुन्हा तशीच आली.

"जीनची तपासणी अजून व्हायचीय," यामिनी म्हणाली. "आणि यावर गोळ्या आहेत. तुला माहीत आहे."

"हो. मला सगळंच माहीत आहे, मॅडम."

कंट्रोलच्या नळीला नाव नसतं. रिपोर्ट काढायचा तर पेशंट म्हणून नोंद करायला हवी होती. यामिनीची बोटं कीबोर्डवर थबकली, तेव्हा अनुजाने तो स्वतःकडे ओढला. नाव घातलं. वय, एकतीस. पुढचा रकाना तक्रारीचा होता.

"थकवा येतो? ताप?" यामिनीने हळूच विचारलं. "डाव्या कुशीत जड वाटतं?"

अनुजाने प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवली. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं : काही तक्रार नाही.