आमेन म्हणेपर्यंत

सकाळच्या पहिल्याच झाकणाला, डब्यांची झाकणं कापणाऱ्या तीन नंबरच्या प्रेसवर काकूंची चार बोटं गेली. किंकाळी आधी आली, रक्त मागून. काकू आपल्याच हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशा बघत राहिल्या.

आमेन पाच नंबरवरून धावला. डोक्याचा रुमाल सोडून त्याने काकूंच्या मनगटाला करकचून आवळला. मग त्याची नजर वर गेली. प्रेसची जाळी तारेने वर बांधलेली होती.

पेडल दाबलं की प्रेसच्या आधी ती जाळी खाली येते आणि हात बाहेर ढकलते. त्यात दर झाकणामागे दोन सेकंद जातात, आणि ते दोन सेकंद सुपरवायझरच्या डोळ्यांत खुपायचे. तो जाळ्या बांधायचा. आमेन रोज सकाळी भोंग्याआधी येऊन पाचही प्रेसच्या तारा सोडायचा. ना भांडण, ना तक्रार. तीन वर्षं हेच चाललं होतं. तारा सोडल्या की पाचही जण आपापल्या प्रेसपाशी हात जोडून, डोळे मिटून उभे राहायचे. तो येशूच्या नावाने प्रार्थना म्हणायचा आणि त्याने 'आमेन' म्हटल्याशिवाय पेडलवर कुणाचा पाय पडत नसे. त्याचं नाव त्यावरूनच पडलं. त्याची टिंगल करणारेही तेवढा वेळ गप्प उभे राहत, आणि नंतर जाळीकडे कुणी मान वर करूनही बघत नसे. आमेनने सोडली म्हणजे सोडली.

आज प्रार्थना चालू असताना त्याला पावलं वाजलेली ऐकू आली होती. कुणी उशिरा आलं असेल, असं समजून त्याने डोळे उघडले नव्हते. उलट मन भरून आलं होतं म्हणून प्रार्थना जरा लांबवलीच होती. तेवढ्या वेळात सुपरवायझरने एक ते तीन नंबरच्या जाळ्या बांधल्या होत्या. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

पॅकिंगच्या बायकांनी काकूंना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सुपरवायझरने बादलीभर पाणी मारून प्रेस धुतला.

"माल संध्याकाळी निघायलाच हवा," तो म्हणाला आणि चार नंबरवरच्या पोरीला त्याने बोट दाखवलं. ती आमेनची भाची. "तू ये गं तीनवर."

"आधी तार सोडा, साहेब," आमेन म्हणाला.

"उद्या सोड. रोज सोडतोसच की!"

भाचीने मामाकडे पाहिलं आणि ती तीन नंबरसमोर येऊन उभी राहिली. स्टुलाखालचं रक्त अजून ओलं होतं.

आमेनने साचे बसवायचा घण उचलला. पहिल्या घावात पेडलचा दांडा वाकला. दुसऱ्यात प्रेसच्या चाकाची कड उडाली आणि तिचा तुकडा खिडकीची काच फोडून बाहेर गेला. तो घाव घालतच राहिला. घामाने डोळे चुरचुरत होते, पण त्याने ते एकदाही मिटले नाहीत. आपल्या हातांना इतका राग येतो, हे त्याला आजच कळत होतं आणि त्याची त्याला भीतीही वाटत होती.

"अरे, तू तर प्रार्थना करणारा माणूस!" सुपरवायझर ओरडला.

"ती सकाळीच झाली."

फाटकावरचे दोघे पहारेकरी पाइप घेऊन आत आले. आमेनने घण खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. दोन्ही हात खाली सोडून तो मोडलेल्या प्रेसला पाठ लावून उभा राहिला. पहिला पाइप खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटला तो त्याने थुंकून टाकला.

"मामा, पळ ना रे!" भाची रडत ओरडली.

"कुठे पळू?" तो कसाबसा म्हणाला. "आठ तास उभं राहायची सवय आहे मला."

त्यांनी त्याचे गुडघे फोडले. तो पडला, प्रेसला धरून उठला, पुन्हा पडला. हात मात्र एकदाही उगारला नाही. शेवटी दोघांनी त्याला बखोटीला धरून फरपटत फाटकाकडे नेलं.

"तमाशा संपला," सुपरवायझर म्हणाला. त्याने खिशातून तारेचं भेंडोळं काढलं. "तीन गेला तर गेला. चार चालू करा."

भाची चार नंबरपाशी गेली. तिने डोळे पुसले, हात जोडले आणि मामाची प्रार्थना मोठ्याने म्हणायला लागली. "हे प्रभू, आजच्या दिवशी आमच्या हातांना सांभाळ..." एक नंबरवाल्याने पेडलवरचा पाय काढून घेतला. दोन नंबरवालीने हात जोडले. या खेपेला कुणीच डोळे मिटले नाहीत. सगळे सुपरवायझरच्या हातांकडे बघत होते. तो तार घेऊन जाळीखाली गेला, पण तीन माणसांच्या रोखलेल्या नजरांपुढे त्याला गाठ काही मारता येईना.

"झालं का?" तो खेकसला. "म्हण लवकर आमेन!"

पोरगी शेवटच्या ओळीपर्यंत आली, श्वास घ्यायला थांबली आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.