नाल्याचं पाणी

सेलूजवळच्या नाल्यात मासोळ्या कशानं मरतात, हे शोधण्यात रंजितानं उभी हयात घालवली. फवारणीचं विष पाण्यात उतरतं, हा तिचा निष्कर्ष पेपरात छापून आला आणि त्या पाण्यावर पिकलेली माहेरची भाजी बाजारात कुणी घेईना. आज ती नमुने घ्यायला आली, तर गावानं जीप अडवली. पुढे होता सख्खा भाऊ, ज्ञानेश्वर. “शिकून मोठी झाली अन् आमच्याच पोटावर पाय देऊन राह्यली!” म्हणत त्यानं नमुन्याची बाटली दगडावर फोडली. रंजिता त्याच्या कानाशी गेली. “दादा, आपल्या शालूचं रक्त तपासून आणलं, त्यातबी तेच विष निघालं.” “कोणाले सांगू नोको,” तो दात खात पुटपुटला. “पोरीची सोयरीक मोडन.” त्याच्या पाठीशीच उभ्या त्याच्या लेकीनं, शालूनं ऐकलं. “माझ्या रक्तात विष हाय,” ती गावासमोर ओरडली. “तुमच्या पोरींचंबी तपासा!” ज्ञानेश्वरनं हात उगारला. रंजितानं तो वरच्यावर धरला.