तीन ठोके

पहिला घोट घेऊन खिडकीजवळच्या बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि बोटाच्या पेराने टेबलावर तीन ठोके दिले. बीअर आवडलेली दिसते, असं वाटून काउंटरमागे मुकुल सुखावला. पण मग शेजारच्या आजोबांनी तीनच ठोके दिले, आणि पाठोपाठ कोपऱ्यातल्या बँकवाल्यांनीही.

"दादा, आज बीअरमध्ये काय घातलंय?" बार सांभाळणारी रेश्मा म्हणाली. "जो पितोय तो टेबल वाजवतोय."

घातलं काहीच नव्हतं. फक्त यीस्ट श्रीरंगचं होतं, त्याने शेवटच्या खेपेतून विरजणासारखं राखून ठेवलेलं.

श्रीरंग मुकुलचा भागीदार. काउंटरमागच्या काचेपलीकडची बीअर आंबवायची टाकी धुवायला एकाने आत उतरायचं आणि दुसऱ्याने बाहेर थांबायचं, असा त्यांचा शिरस्ता. आत गॅस साचतो, म्हणून आतला अधूनमधून तीन ठोके द्यायचा आणि बाहेरचा दोन ठोक्यांनी 'मी आहे' म्हणून सांगायचा. मार्चमधल्या त्या दुपारी मुकुल फोनवर बोलत बोलत फाटकापर्यंत गेला. परतला तेव्हा श्रीरंग आत निपचित पडला होता, श्वास थांबलेला. पोलिसांना मुकुलने सांगितलं, मी तिथेच होतो, आतून ठोके आलेच नाहीत.

त्याने स्वतःसाठी ग्लास भरला आणि एक घोट घेतला. चव सुरेख होती. मग त्याचा हात आपसूक उठला आणि काउंटरवर तीनदा आपटला.

काचेपलीकडच्या रिकाम्या टाकीतून लगेच दोन ठोके आले.