फीमाफीचा अर्ज

“मालक लढाईत कुठं पडले?” हेडक्लार्क हिंदुरावांनी विचारलं.

मल्लव्वानं पदर सारखा केला. उत्तर दिलं ते तिच्या शेजारी बसलेल्या माणसानं. “बसऱ्याच्या फुडं, सायेब. सोळा सालात. खेचरांच्या तुकडीत व्हता.”

“हे कोण?”

“धाकला दीर,” मल्लव्वा म्हणाली.

सात रस्त्याजवळच्या त्या कचेरीत हिंदुराव अकरा वर्षं बसत होते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाला कॉलेजची फी माफ, वर राहण्याखाण्याचा खर्च, असा नियम होता. जे जिवंत परतले त्यांना पदक मिळालं होतं आणि त्यांची पोरं औतामागं चालत होती. आता यात हिंदुरावांचा काय दोष? नियम काही त्यांनी केला नव्हता. ते फक्त कागद बघायचे, पण बघायचे ते डोळ्यांत तेल घालून.

मल्लव्वाचे कागद चोख होते. नवरा सिद्धप्पा, मयत, पलटणीचं पत्र जोडलेलं. मुलगा विरुपाक्ष, मॅट्रिकला गणितात शंभरात ब्याण्णव. पुण्याच्या कॉलेजात त्याचं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत फीमाफीचा कागद पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि आज गुरुवार होता.

“पोरगं हुशार दिसतंय.”

“लई!” मल्लव्वाचा चेहरा उजळला. “रानात काम करताकरताबी तोंडानं गणितं सोडवतंय. आमच्या घरात कुनाला सही येत न्हाय, सायेब. त्याला तेवढं शिकू द्या.”

हिंदुरावांना बरं वाटलं. असं काही वाटलं की ते चष्मा पुसायचे, तसा त्यांनी तो पुसला. पुढं विचारलं, “मयत कसे झाले?”

“नदीला पूर व्हता,” दीर म्हणाला. “खेचरं बुजली. दोराला धरून चालल्याली मानसं खेचरांसंगं पान्यात गेली.”

“तुम्हाला इतकं बारीक कसं ठाऊक?”

“त्याच तुकडीतला एक जन वाचून आला. त्यानं सांगितलं.”

हिंदुरावांनी मान हलवली आणि टाक दौतीत बुडवला.

“आता एक विचारतो, राग मानू नका. मागच्या महिन्यात बार्शीकडची एक बाई आली होती. अर्ज विधवेचा, आणि घरी पाट लावून दुसरा नवरा केलेला! मी कागद तसाच परत धाडला. दुसरं लग्न झालं की सवलत गेली.”

“पाटलाचा दाखला जोडलाय की,” दीर म्हणाला. “पाट लावल्याला न्हाय.”

“पाटलाचं सोडा हो. चहा पाजला की पाटील काहीही लिहून देतो.”

मल्लव्वा मान खाली घालून बसली होती. कपाळावर विभूती, हातात बांगडी नाही. खोटं बोलणारं माणूस असं बसत नाही, असं हिंदुरावांचं मत झालं. त्यांनी दिराला पोस्टातून एक आण्याचं तिकीट आणायला सांगितलं.

दीर उठला. “हितंच बस. वाईच पानी पी,” असं तिला म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

अर्जातला एकच रकाना उरला होता. मुलाचा सांभाळ करणाऱ्या पुरुषाचं नाव.

“दिरांचं नाव काय?”

मल्लव्वानं दाराकडं पाहिलं.

“बाई, नाव सांगा की.”

तिनं पदराचं टोक दातांत धरलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“धाकट्या दिराचं नाव घ्यायला कसली आलीय अडचण?”

“त्यास्नी येऊ द्या,” ती पुटपुटली. “त्ये सांगतील.”

हिंदुरावांनी टाक खाली ठेवला. दोन वर्षांमागं शिरगणतीचे मास्तर घरी आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बायकोनं अस्साच पदर दातांत धरला होता. शेवटी शेजारणीनं हिंदुरावांचं नाव सांगितलं होतं.

“पाट लावलाय तुम्ही. या दिराशीच.”

“न्हाय, सायेब.”

“मग नाव घ्या त्याचं. आत्ता.”

तिचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर आलं नाही.

हिंदुरावांना खरंच वाईट वाटलं. पोराचे ब्याण्णव गुण समोरच्या कागदावर होते. त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

“मी काही करू शकत नाही, बाई. माझ्या हातातलं नाही हे. दुसरा नवरा केलेल्या बाईला सरकार…”

“अय्यो! दुसरा?”

मल्लव्वा ताडकन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज साऱ्या कचेरीत गेला.

“जीव दिला असता, पर पाट लावला नसता म्या! कुनाला इचारायचं त्याला इचारा. दुसरा म्हनू नका, सायेब! पयलाच हाय त्यो.”