एक उभा, एक आडवा

मॅडम चार पावलं मागे उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "हा नुसता फोटो आहे."

भिंतीवर बाकीच्यांची कामं टाचण्यांनी लावलेली होती. प्रोजेक्ट असा होता: जोडीदाराचा चेहरा आपण टिपायचा, आपला त्याने. दोन्ही फोटो सारखेच मोठे काढून घ्यायचे, एकाच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, दुसऱ्याच्या आडव्या, आणि चटई विणतात तशा एकमेकांत घालायच्या. एक पट्टी वर, एक खाली. त्यामुळे भिंतीवर सगळे एकमेकांत घुसलेले होते. वर्गात रेडिओ आणि जिराफ अशी टोपणनावं पडलेल्या दोघांच्या जोडीतून तर तिसराच माणूस निघाला होता. कानात डूल, हनुवटीवर दाढी, आणि चेहऱ्यावरून त्या दोघांपेक्षा समजूतदार.

सगळ्यात शेवटी, दाराजवळ, मॅडमसमोर उभ्या असलेल्या या मुलाचा फोटो. ओळखपत्रावर असतो तसा, समोर बघणारा. फक्त उशीएवढा मोठा.

"तुझा जोडीदार कुठाय?"

"नाहीये मॅडम. जोड्या पडल्या तेव्हा मी पाण्याची बाटली भरायला गेलो होतो. परत आलो तर मी उरलो होतो."

वर्ग हसला. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. तो बोलायचाच अशा सुरात की माणसाला हसू यावं, आणि हसून झालं की पुढचं कुणी विचारत नसे.

"म्हणून तर घरच्या कुणाचा तरी फोटो घे म्हटलं होतं."

"आईला सांगितलं, घरातला एखादा चांगला फोटो पाठव. तिने माझाच पाठवला."

"आणि वडील?"

"त्यांनी त्यावर अंगठा पाठवला. मोबाइलवरचा."

वर्ग परत हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हे बघ, मला शून्य द्यायची हौस नाही. पण काम केलेलंच नसेल तर मी देऊ काय? हा प्रोजेक्ट गेला की तुझं वर्ष गेलं, माहितीये ना?"

"केलंय मॅडम. दोन फोटो आहेत त्यात."

"दुसरा कुणाचा?"

"हाच. आईने पाठवलेला. दोन प्रती काढल्या. एकात मी उभा कापलाय, एकात आडवा."

या वेळी कुणी हसलं नाही. हा विनोद आहे की नाही, ते वर्गाला ठरवता येईना.

काम मात्र खरंच झालेलं होतं. एक पट्टी केसभर सरकली की घोटाळा. पहिल्या खेपेला तो तिरळा झाला. दुसऱ्या खेपेला वरच्या ओठाखाली आणखी एक वरचा ओठ आला. तिसऱ्या खेपेला सगळं जागच्या जागी बसलं, कानाला कान, तिळाला तीळ. शेवटची पट्टी चिकटवून तो मागे सरकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, इतके दिवस कापून आणि विणून आपण जसे होतो तसेच तयार झालो आहोत. हे इतकं हसण्यासारखं होतं की कुणाला तरी दाखवायला त्याने मान वळवून खोलीत पाहिलं. खोलीत फक्त कपड्यांची दोरी होती.

"हात लावून बघा," तो म्हणाला.

मॅडमचा नियम होता की काम लांबून बघायचं आणि कुणाच्या कामाला हात लावायचा नाही. फळ्याशेजारी तशी पाटीच होती, त्यांच्याच अक्षरातली. मॅडमनी पाटीकडे पाहिलं. मग त्या पुढे आल्या आणि एक बोट फोटोच्या गालावर टेकवलं.

बोट निघालं. थोडं वर चढलं, थोडं खाली उतरलं, परत चढलं. गालावरून नाकावर, नाकावरून पलीकडच्या गालावर. मॅडमनी बोट उचललं आणि सगळा तळवा ठेवला.

"अरे," त्या म्हणाल्या. "हा तर सगळा विणलेला आहे. शून्य घेतलं मी मागे."

मग काय, बाकं सरकली. सगळ्यांनाच हात लावायचा होता. ढकलाढकली व्हायला लागली तशा मॅडम ओरडल्या, "रांग करा, फाडाल त्याला!" आणि वर्गाने रांग केली.

रेडिओने कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवलं. "केवढा खडबडीत आहेस रे तू. बघून वाटत नाही."

जिराफाने कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं, "ताप नाही."

कुणीतरी हनुवटीखाली गुदगुल्या केल्या. तो बाजूला उभा होता, तरी त्याने मान आखडून घेतली.

"दुखलं का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही नाही, चालू द्या," तो म्हणाला. "कानामागे राहिलंय."

रांग पुढे सरकत होती. हात लावून झालेले चहाला निघाले होते, जिन्यात त्यांचे आवाज खाली खाली जात होते. उरलेले भराभर हात फिरवत होते. तो भिंतीच्या कडेकडेने मागे गेला आणि शेवटच्या मुलीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

तिने वळून पाहिलं. "तू कशाला? खोलीवर जाऊन लाव की हात. तुझाच तर चेहरा आहे."

"खोलीवर रांग नसते," तो म्हणाला, आणि एक पाऊल पुढे सरकला.