काउंटरवरचे दोन लॅपटॉप

“पुन्हा हलकाच?” फोरमननी कपाळाला हात लावला.

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते. एक काळा, जाडजूड, दुकानातला सगळ्यात भारी. दुसरा करडा, पातळ, मधल्या प्रतीचा. त्यांची मुलगी मोठा सुरू करायची, त्यावर तिचं चित्र झरझर पळायचं, तिचा चेहरा खुलायचा, आणि मग तो बाजूला सारून ती पुन्हा करड्यापाशी जायची. हा खेळ मघापासून चालला होता आणि फोरमनचं डोकं आता फिरायच्या बेताला आलं होतं.

निवृत्त होऊन वर्षं झाली तरी लोक त्यांना फोरमनच म्हणायचे. काम मोठं तर यंत्रही मोठं हवं, एवढं त्यांना कळत होतं. मुलगी ॲनिमेशन करायची. कागदावरच्या माणसाला चार पावलं चालवायला तिला अख्खा दिवस लागायचा, आणि ऐन वेळी जुना लॅपटॉप मान टाकायचा. मग ती नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. ते बघून यांचाच जीव वरखाली व्हायचा. आता कुठे तिला पहिल्यांदा एक अख्खी फिल्म करायला मिळाली होती. एकटीला सोडलं तर ही काहीतरी किडूकमिडूक उचलून आणेल, म्हणून तर ते मुद्दाम बरोबर आले होते. आणि त्यांच्या नाकासमोर तेच चाललं होतं.

“अगं, पैशाकडे बघू नकोस म्हटलं ना तुला?”

“पैशाकडे नाही बघत.”

“मग कशाकडे बघतेस? रंगाकडे?”

दुकानदाराने संधी साधली. “काका बरोबर बोलतायत, ताई. तुमच्या कामाला हाच. वजन तेवढं जरा आहे. चार्जरसकट चारेक किलो.”

“चार किलो म्हणजे काय वजन झालं?” खांद्यावरची मुलीची बॅग सावरत फोरमननी मोठा लॅपटॉप एका हाताने उचलला, क्षणभर दाखवला आणि लगेच खाली ठेवला. “कापूस आहे कापूस.” मग त्यांनी बॅग उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली.

मुलीने ते बघितलं. तिने करडा लॅपटॉप तळहातावर तोलला आणि दुकानदाराला म्हणाली, “हाच द्या.”

आता मात्र त्यांचा तोल गेला. “याच्यावर तुझा माणूस धड चालायचा नाही. लंगडत जाईल. मग माझ्यासमोर तोंड पाडून बसू नकोस. मघापासून बघतोय, नुसतं वजन, वजन. लॅपटॉप काय हमालाला विचारून घेतात? तू तुझं काम बघ. ज्याला उचलायचंय तो बघून घेईल.”

“उचलतं कोण, बाबा?”

फोरमननी खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

घरापासून बसस्टॉपपर्यंत तिची बॅग रोज तेच न्यायचे. ती पहिलीत होती तेव्हापासून. आता तिची तिशी उलटली, स्टॉपवरचे लोक हसायचे, तरी बॅग यांच्याच खांद्यावर. मध्ये एकदा तिने ती हिसकावून घेतली, तर यांनी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलणं ठेवलं नाही.

“खांद्यावर काही घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे आई बोलली मला,” मुलगी म्हणाली. “आणि माझ्या मागून चालताना तुम्ही खांदा बदलता, ते कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत दिसतं. रोज दिसतं. भांडून झालं, विनवून झालं. तुम्ही ऐकत नाही. मग मीच हलका घेते. कामाला वेळ लागेल थोडा जास्त. लागू दे.”

दुकानदार उगाचच वायरी गुंडाळायला लागला.

फोरमनना राग आला. आधी मुलीचा, मग बायकोचा, मग त्या काचेचा. उत्तर तर अगदी सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. मोठाच घे आणि तुझी बॅग तूच ने. एवढं म्हटलं की तिच्या फिल्मचं भलं झालं असतं आणि खांद्याचंही. फक्त उद्या सकाळी चहा झाल्यावर त्यांना पायात चपला घालायला काही कारण उरलं नसतं. इतका वेळ आपण हिच्यासाठी भांडत होतो, आणि आता शब्द बाहेर पडत नाही, याची त्यांना लाज वाटली. तरी तो पडेना.

त्यांनी मोठ्या लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने मिटलं.

“हलकाच द्या,” बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेत ते दुकानदाराला म्हणाले. “मला रोज न्यायचाय.”